वाणाचं पाणी

पौष उतरणीला लागला की बंगळुरात बायकांच्या बोटांना अवरेकाईचा वास येतो. पावट्याची ही इथली बहीण. दवात भिजलेल्या शेंगांना एक तेलकट, दांडगा वास असतो. सोलता सोलता तो नखांखाली जाऊन बसतो आणि साबणाला दाद देत नाही. महादेवपुऱ्यात लेकाच्या फ्लॅटवर राहायला आल्यापासून भाजी पिशवीत बंद होऊन दाराशी येते, पण पिशवी फोडली की वास तोच. खाली रस्त्याकडेला टॅबेबुयाची गुलाबी फुलं सांडलेली असतात, सकाळी शाल लागते आणि दुपारी पंखा. सगळ्या शहराला ही दुतोंडी हवा आवडते. मला आवडत नाही. का, ते मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं.

परवा भिजवलेले दाणे चिमटीत दाबून सालं काढत बसले होते, तर शेजारची ऋचा आली. पुण्याची मुलगी. कंपनीत आहे, एकटी राहते. हातात काचेचा रिकामा बाऊल.

"काकू, अ‍ॅक्च्युअली एक विचित्र मागणी आहे. मी फिशटँक घेतलाय. दुकानवाला म्हणाला, कुणाकडे जुनी टाकी असेल तर तिच्यातलं थोडं पाणी आणून घाला, नुसत्या नव्या पाण्यात मासे टिकत नाहीत. तुमच्या बाल्कनीत टाकी दिसते मला."

"उद्या ये," मी म्हणाले.

"एवढंसं तर पाणी हवंय."

"हो. पण उद्या ये."

ती हसून गेली. बाई कंजूस दिसते, असं तिला वाटलं असेल. वाटू दे. मी मात्र त्या रिकाम्या बाऊलपाशी अडकून पडले, आणि दाण्यांची सालं तशीच राहिली.

आम्ही इथले जुने. किती जुने, ते घरात कुणालाच धड सांगता येत नाही. आजेसासरे म्हणायचे, फौजेबरोबर आलो आणि परत जायचं राहून गेलं. राजाजीनगरच्या घराला गच्ची होती आणि नव्वदीच्या मधल्या वर्षांत त्या गच्चीवर सिमेंटच्या टाक्या होत्या. शहरात नवे लोक येऊ लागले होते आणि नव्या लोकांना दिवाणखान्यात मासे हवे असत. समोरच्या सरोजाक्का एका शिबिराला जाऊन आल्या आणि गल्लीतल्या आम्हा बायकांना म्हणाल्या, "मासे पाळायचे. शोभेचे. खायचे नव्हेत, तोंड वाकडं करू नका." सरोजाक्का वयानं मोठ्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांना नाही म्हणायची गल्लीत पद्धत नव्हती.

मग घरोघरी टाक्या आल्या. गप्पी, मोली, निळेतांबडे फायटर. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालायचा असतो. आमच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नसे, म्हणून गच्चीवर स्टोव्ह आला आणि अंडं उकडताना सासूबाई गच्चीकडे पाठ करून जप करू लागल्या. आमच्या ह्यांनी आम्हाला 'मत्स्यकन्या मंडळ' असं नाव ठेवलं. जयनगरच्या दुकानदाराकडे आम्ही बसनं मासे न्यायचो, फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मांडीवर घेऊन. कंडक्टर विचारायचा, यांची तिकिटं कुठंयत. सरोजाक्का म्हणायच्या, "मांडीवरच्या लेकरांना तिकीट लावतोस काय रे?"

नव्या टाकीत नुसतं नळाचं पाणी चालत नाही. ते कोरं असतं. दिसतं स्वच्छ, पण मासा त्यात जगत नाही. जुन्या टाकीतलं हिरवट पाणी तांब्याभर आणि तळातली मूठभर वाळू त्यात घातली की नवं पाणी हळूहळू लागतं. थेट विरजणासारखं. आम्हा बायकांना हे शिकवावं लागलंच नाही. जन्मभर वाटी घेऊन शेजारच्या दाराशी उभ्या राहिलेल्या आम्ही. दह्याच्या जागी पाणी आलं, एवढंच. कुणाची टाकी चांगली लागली आहे, याची चर्चा आम्ही कुणाचं दही घट्ट लागतं याच सुरात करायचो. आणि गल्लीत सगळ्यांत चांगली लागलेली टाकी माझी होती. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही. पुढचं सगळं या एका वाक्यातून आलं, म्हणून लिहिते आहे. लग्न होऊन आल्यापासून माझ्या हातचं काही कुणी वाखाणलं नव्हतं. सरोजाक्का मात्र चारचौघींत म्हणायच्या, "पाणी घ्यावं तर विमलकडचं."

आमच्यात एक भागीरथी होती. मालवणाच्या बाजूची, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका बेटावरची. नवरा इथल्या कारखान्यात फिटर होता, तो गेला. दिरानं बोलावलं, ती गेली नाही. मागच्या गल्लीत एक खोली घेऊन राहिली. खोलीला अंगण नाही, गच्ची नाही, म्हणून सरोजाक्कांनी आपल्या गच्चीचा एक कोपरा तिला दिला होता. तिथं तिचे प्लास्टिकचे टब असत. तिचं पोट त्या टबांवर होतं. आमचं तसं नव्हतं. आमचे मासे मेले तर आमच्या घरात एक वस्तू कमी आली असती, तिचे मेले तर तिला परत जावं लागलं असतं. "थंय गेलंय तर दिराच्या चुलीकडेच जन्म जातलो," ती म्हणायची आणि दुसऱ्याच मिनिटाला हसायची.

तिचं हसणं मला आधी आवडत नसे. फार मोठं होतं. आम्ही गप्पींचं कौतुक करायला लागलो की म्हणायची, "टोपभर तळलास तरी एका घासाक पुरूचे नाय." सासूबाईंनी ते ऐकलं की दिवसभर घरात शांतता. तिच्या बेटावर ओहोटीला कातळातल्या डबक्यांत निळेपिवळे पट्टेवाले मासे अडकून राहतात, पोरं ते ओंजळीत धरतात नि सोडून देतात. "त्येंका विकत कोण घेता काय? माका ठावकच नाय. नायतर थंयच दुकान घातलंय असतंय." सगळंच तिला कळत होतं असं नाही. दोन फायटर एका टबात ठेवून तिनं एकदा दोघांच्याही शेपट्यांच्या चिंध्या करून घेतल्या आणि वर म्हणाली, पुरुषांची जात. पण गच्चीवर संध्याकाळी तिच्या शेजारी उभं राहिलं की मला बरं वाटायला लागलं होतं. तिच्याशी बोलताना मला कुणाची सून व्हावं लागत नसे.

त्या वर्षी संक्रांतीनंतर हवा अशीच दुतोंडी होती. जयनगरच्या दुकानदाराला उन्हाळ्यासाठी भरपूर मासे हवे होते, घरोघरी नव्या टाक्या बांधून झाल्या होत्या. रथसप्तमीच्या आत माझ्याकडे हळदीकुंकू. तिळगूळ होता, इथल्या रीतीचा एळ्ळुबेल्ला होता, आणि वाण काय लुटायचं ते सरोजाक्कांनीच ठरवलं. "वाट्या नकोत नि गाळण्या नकोत. विमल, तू तुझ्या टाकीचं पाणी वाण दे. एकेक तांब्या. सगळ्यांच्या टाक्या एका विरजणाच्या होतील." बायकांना ते फार आवडलं. मला किती आवडलं ते मी सांगत नाही.

त्या दिवशी सकाळी मी टाकीवरचं जाळं काढलं. दोनतीन गप्पी अंग घासत होते, टाकीच्या कडेला. वाकून पाहिलं तर शेपटीवर पांढरे ठिपके, बारीक रवा सांडल्यासारखे. शिबिरातून आल्यावर सरोजाक्कांनी सांगितलं होतं, असे ठिपके दिसले तर त्या टाकीचा थेंबसुद्धा दुसरीकडे जाता कामा नये.

आता खरं ते लिहिते. मला समजलं नाही असं नाही. मला समजलं होतं. वाण बदलता आलं असतं. फळीवर कोऱ्या वाट्या पडून होत्या, वाटल्या असत्या तर कुणी चकार शब्द काढला नसता. दोनतीनच मासे आहेत, धूळ असेल, पाणी वरवरचं काढलं तर काही होत नाही, असं मी माझ्याशी बोलत राहिले. पण आतून जे होतं ते एवढंच, की माझ्या टाकीला रोग लागला हे मला माझ्या तोंडानं सांगायचं नव्हतं. त्या दिवशी तरी नाही. नवी साडी काढून ठेवली होती.

संध्याकाळी बायका आल्या. मी हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर लावलं, आणि एकेकीच्या तांब्यात ते पाणी ओतलं. दिव्याच्या उजेडात हिरवं, सुंदर दिसत होतं.

भागीरथीला बोलावलं नव्हतं. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलावत नसत; आम्हीही बोलावलं नाही, आणि त्यात काही चुकतं आहे असं आमच्यापैकी एकीलाही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती आपणहून आली, तिळगूळ खायला म्हणून. गच्चीवर गेली, टाकीत डोकावली.

"रवो सांडलो काय गे ह्येंच्या अंगार?"

मी जाळं पुन्हा टाकीवर ओढलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यात पालथ्या घातलेल्या, वाणाचं पाणी वाटलेल्या घागरीकडे पाहिलं. तिला सगळं समजलं.

"कितक्यांका दिलंस?"

"सगळ्यांना."

"मीठ घाल. जाडा मीठ. घरात कोणाक कावीळ झाली तरी आमी मीठच घालतंव," ती म्हणाली, हसवायला म्हणाली, मी हसले नाही. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजच सगळ्यांका सांग, मीठ घालूक सांग. अजून येळ आसा."

"सांगते," मी म्हणाले.

मी सांगितलं नाही. मीठ घाला म्हटलं असतं तर का, असं विचारलं असतं. दोन वेळा सरोजाक्कांच्या दारापर्यंत गेले. एकदा त्या आंघोळीला गेल्या होत्या म्हणून परत आले. दुसऱ्यांदा त्या दारातच उभ्या होत्या. मी कढीपत्ता मागितला.

आठवडाभरात गल्लीत मासे मरायला लागले. कुणाच्या टाकीत सकाळी पांढऱ्या पोटाचे तरंगताना दिसले, कुणाच्या तळाशी बसले ते उठलेच नाहीत. माझेही गेले, मीठ घालूनही गेले. मी ते जास्वंदीच्या आळ्यात पुरले आणि सगळ्यांसारखीच हळहळले. ते सोपं गेलं. खरोखरच वाईट वाटत होतं, त्यामुळे अभिनय करावा लागला नाही.

सरोजाक्कांच्या गच्चीवर एका दुपारी सगळ्या जमल्या. टाक्यांमधून वास येत होता. आणि कोपऱ्यात भागीरथीच्या टबांत मोली लख्ख फिरत होत्या.

"आमचे सगळे गेले. हिचेच बरे कसे?" कुणीतरी म्हणालं.

"स्वल्प थांबा," सरोजाक्का म्हणाल्या. "भागीरथी, तू काय केलंस ते सांग. मी रागवत नाही."

"मी काय करतलंय? मीठ घातलंय."

"मीठ? कुठं?"

"माझ्या टबात."

पण मीठ हा शब्द पडला आणि बायकांचे चेहरे बदलले. दृष्ट काढतात ते मीठ. उतरवलेलं मीठ पाण्यात सोडतात, आणि ज्याच्या पाण्यात ते जातं त्याच्यावर ती पीडा जाते, हे आम्ही सगळ्या आयांकडून ऐकून आलेल्या. हिला हळदीकुंकवाला बोलावलं नाही, हिच्या मनात राहिलं, हिनं उतरवलं आणि आपल्या टाक्यांत सोडलं. गच्चीवर तर हिचं येणंजाणं असतंच. कुणी हे एकदम, सरळ म्हणालं नाही. तुकड्यातुकड्यांनी म्हणालं. एकीनं एक धागा काढला, दुसरीनं पुढचा.

वाण मिळालं नव्हतं, म्हणून तिचे मासे जगले होते. आम्ही तिला दाराबाहेर ठेवलं होतं, म्हणून आमच्या दारातला रोग तिच्यापर्यंत पोचला नव्हता. इतकी साधी गोष्ट. गच्चीवर ती दोघींनाच ठाऊक होती.

भागीरथीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. पंगतीत वाढणारी बाई आपल्यापर्यंत येईल म्हणून पाहतो, तसं. मी पदराला लागलेलं शेवाळ खरवडत होते. बराच वेळ खरवडत होते.

"सरी, ठीक आहे," सरोजाक्का शेवटी म्हणाल्या. "मला भांडण नको. तुझे टब तू दुसरीकडे हलव."

दुसरीकडे म्हणजे कुठं, हे त्यांनाही माहीत होतं.

मासे तिनं जयनगरला देऊन टाकले. जाण्याच्या दिवशी माझ्याकडे आली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात झाकलेली कळशी. टबातलं पाणी होतं, तळाशी वाळू.

"घे. टाकी परत लाव."

मी हात पुढं केला नाही.

"घे गे. आमचा वाण चालता ना तुका?" आणि ती हसली. तेच मोठं हसणं.

"तू का नाही सांगितलंस त्यांना?" मी विचारलं. आज लिहितानाही लाज वाटते. मी तिला विचारलं.

"मी सांगलंय तर कोण ऐकतलो? पांढऱ्या कपाळाची बाई दुसऱ्याच्या वाणाक नावां ठेवता, म्हणतले." कळशी तिनं उंबऱ्याच्या आत ठेवली. "मी तुझी वाट बघलंय."

मी म्हणाले, "चहा घेतेस?"

"नको. गाडी आसा."

उगादीच्या पाडव्यापर्यंत माझी टाकी पुन्हा हिरवी झाली. ती लागलेली पाहून बायका एकेक करून तांब्या घेऊन आल्या. मी प्रत्येकीला पाणी दिलं. सरोजाक्का म्हणाल्या, "शेवटी विमलचंच पाणी." मी तेही ऐकून घेतलं. दुकानदाराचा उन्हाळा भागला, पुढचेही काही उन्हाळे भागले. गल्लीतल्या प्रत्येक टाकीत भागीरथीचं पाणी होतं आणि त्या टाक्यांशी उभं राहून आम्ही तिचं नाव घेतलं की आवाज खाली आणत होतो. गुन्हा पहिला की दुसरा मोठा, हे मी पुष्कळ वर्षं तोलून पाहिलं आहे. पहिल्याला भीतीचं निमित्त होतं. दुसऱ्याला तेवढंही नव्हतं.

मध्यंतरी सुनेनं फोनवर काहीतरी दाखवलं. कुठल्याशा बेटावरच्या बायका मिळून समुद्रातले शोभेचे मासे वाढवतात. पदर खोचलेल्या बायका, काचेच्या टाक्या, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे. प्रत्येकीची टाकी वेगळी पण पाणी एकच, नळ्यांतून सगळीकडे फिरणारं. "म्हणजे एकीच्या टाकीत रोग आला तर?" मी विचारलं. सून म्हणाली, "मग लगेच सगळ्यांना सांगत असतील ना, आई." एक पिकल्या केसांची बाई मागं उभी राहून हसत होती. मी ते चित्र थांबवून पाहिलं. ती नव्हती. असती तरी मला ओळखता आली असती की नाही, कोण जाणे. बेटाचं नावसुद्धा मी कधी तिला नीट विचारलं नव्हतं.

ऋचा परवा बाऊल घेऊन परत गेली आणि काल मी बस धरून राजाजीनगरला गेले. सरोजाक्का आता गच्चीवर चढत नाहीत, डोळ्यांना अंधुक दिसतं. आवाज तसाच. त्यांच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. ठिपके, वाण, मीठ, कळशी. कढीपत्तासुद्धा.

त्यांनी तोंड गच्चीच्या जिन्याकडे वळवलं. मग म्हणाल्या, "माझा तो निळा फायटर. त्याला मी नवाब म्हणायची."

"हो."

"आणि पुढं जे पाणी दिलंस, ते तिचं?"

"हो."

"अय्यो." त्यांनी माझा हात धरला, की स्वतःचा तोल धरला, कळलं नाही. "तुला बोल लावू की मला? टब हलव म्हणाले ती मी. तू लपवलंस; मी तर तिला पुरतं विचारलंसुद्धा नाही." थोड्या वेळानं त्या नेहमीच्या आवाजात आल्या. "पण हे बघ विमल, मला एकटीला सांगून मोकळी होऊ नकोस. मी उद्या जाईन आणि तुझं बरं होईल. वाण कसं दिलंस, एकेकीला? तसंच हेही सगळ्यांना सांग. लिही कुठंतरी."

म्हणून हे आपल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहिते आहे. त्या संध्याकाळी माझ्याकडून ज्यांनी पाणी नेलं त्यांच्यातल्या काही आता नाहीत. त्यांच्या लेकीसुना हा अंक वाचतात. तुमच्या घरी मीठवाल्या बाईची गोष्ट कुणी सांगितली असेल, तर ती तशी नव्हती.

काल मी सापडले नाही, म्हणून आज सकाळी ऋचा पुन्हा आली, बाऊल घेऊन. मी तिला बाल्कनीत नेलं, राजाजीनगरहून आणलेल्या पाण्यानं लावलेल्या टाकीपाशी, उजेडाकडे.

"आधी नीट बघ. एकेक मासा बघ. कुणाच्या अंगावर रवा सांडल्यासारखं दिसतं?"

तिनं वाकून, शहाण्या मुलीसारखं पाहिलं. "नाही काकू. मस्त आहेत."

"मग घे."

मी पाणी घातलं, मूठभर वाळू घातली. "आणि शुक्रवारी हळदीकुंकवाला ये," मी म्हणाले.

"काकू, मी डिव्होर्स्ड आहे. म्हणजे तुम्हाला माहीत नसेल म्हणून. मला चालतं, पण बाकीच्यांना..."

"ये."

बाऊल दोन्ही हातांनी छातीशी धरून ती दाराकडे निघाली. "थँक्यू काकू. तुमचं पाणी माझ्या टँकला लकी ठरू दे."

"माझं नाही ते," मी म्हणाले. "भागीरथीचं आहे."

"कोण भागीरथी?"

मी तिच्या हातातला बाऊल घेऊन टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

"बस," म्हटलं. "सांगते."